चित्रकाराची चौकट

गारगोटी ही भुदरगड तालुक्याची पेठ कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरवर आहे. तेथील एखाद्या तरुणास आज चित्रपट काढावासा वाटला, तर 'कॅमेरा कोणता घ्यावा?' हाच त्याचा पहिला प्रश्न असावयाचा. हा प्रश्न गैर नाहीं. परंतु त्याच्या अगोदर दुसरा एक प्रश्न येतो, आणि त्याचें उत्तर त्याच्याच जिल्ह्याच्या इतिहासांत सांपडतें.

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रकाशित झाला. कोल्हापुरांत नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारे आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंस चलच्चित्रांचा ध्यास लागला. परंतु पदरीं कॅमेरा नव्हता. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. तथापि बाबूरावांनीं धीर सोडला नाहीं. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें १९१८ सालीं त्यांनीं स्वतःच कॅमेरा सिद्ध केला.

हें काम किती बिकट होतें, तें यंत्राची रीत पाहिल्यास कळतें. फिल्म एकसारखी वाहत गेली तर चित्र पुसट उमटतें. म्हणून प्रत्येक चौकट क्षणभर स्थिर राहून तिजवर प्रकाश पडला पाहिजे. मग झडप मिटून फिल्म नेमकी एक चौकट पुढें सरकली पाहिजे. आणि हें सारें सेकंदास सुमारें १६ वेळां, हातानें दांडा फिरवून! दात्यांत केसभर चूक राहिली, तरी पडद्यावर चित्र थरथरावयाचें.

पण यंत्र झालें म्हणजे चित्रपट झाला, असें नव्हे. तत्कालीन फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे; तांबडें लुगडें पडद्यावर काळें होई. रंगांत वाढलेल्या चित्रकारास सारें जग छायाप्रकाशांत नव्यानें पाहावें लागलें. बाबूराव प्रसंगांचीं रेखाचित्रें आधीं काढीत. चौकट प्रथम कागदावर व मगच कॅमेऱ्यांत, असा त्यांचा क्रम होता.

१९२० सालीं 'सैरंध्री' पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत लागला, आणि लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविलें. १९२३ च्या 'सिंहगड'मध्यें रात्रीच्या देखाव्यांसाठीं त्यांनीं कृत्रिम प्रकाश योजिला. पुढें १९२५ सालीं 'सावकारी पाश' आला. कथा ना. ह. आपटे यांची, तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. येथें पौराणिक थाटमाट नव्हता. होती ती कर्जापायीं जमीन गमावून शहराच्या गिरणींत जाणाऱ्या शेतकऱ्याची विपत्ति, आणि तिला साजेशी मंद उजेडाची झोपडी. भुदरगडच्या शेतकऱ्यास तें घर परकें वाटलें नसतें. शैली विषयांतून उपजते ती अशी.

दुर्दैवानें त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाहीं. मात्र बाबूरावांच्या हाताखालीं शिकलेली माणसें उरलीं: दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर. यांनींच सीताराम कुळकर्णी यांच्यासह १९२९ सालीं कोल्हापुरांत 'प्रभात' स्थापिली.

म्हणून त्या तरुणास आमचें सांगणें इतकेंच: कॅमेरा अवश्य निवडावा, परंतु दुकानांत जाण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें. कोणाची कथा सांगावयाची, तिला किती उजेड हवा, हें ठरलें, म्हणजे यंत्राची निवड फारशी अवघड राहत नाहीं.