शिवलेला टायर आणि बाभळीचा काटा

‘ट्यूब्युलर’ म्हटलं की बहुतेकांना ‘ट्यूबलेस’ ऐकू येतं. शब्द जुळ्या भावांसारखे, अर्थ मात्र उलटे. ट्यूबलेसमध्ये ट्यूबच नसते. ट्यूब्युलरमध्ये ती असते, पण टायरच्या पोटात शिवून बंद केलेली. टायरच्या कापडी कडा ट्यूबभोवती वळवून दोऱ्याने शिवतात, शिवणीवर कापडी पट्टी चिकटवतात आणि ही गोल नळी रिमवर खास सिमेंट लावून बसवतात. टायरला तार नाही, रिमला ती पकडणारी कड नाही. टायरचा ताण आणि तो चिकटपणा, एवढ्यावरच सगळा भरवसा.

अमळनेरहून पारोळ्याकडे सायकल हाणणाऱ्या माणसाला हा टायर परवडला नसता. कारण पैसा नव्हे, बाभळीचा काटा. आपल्याकडे पंक्चर झालं की दुकानदार टायरची एक बाजू उचकटतो, ट्यूब बाहेर ओढतो, घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे शोधतो, घासतो, सोल्युशन लावतो, ठिगळ दाबतो. दहा-पंधरा मिनिटांत गिऱ्हाईक रस्त्याला. ट्यूब्युलरला हेच करायचं तर आधी टायर रिमवरून सोलायचा, तळाची पट्टी उचकटायची, शिवण उसवायची, ट्यूबला ठिगळ लावायचं, पुन्हा शिवायचं, पट्टी लावायची आणि सिमेंट वाळायची वाट पाहायची.

दुकानदाराची ती दहा मिनिटं युरोपात ठरली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. (रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच अशा टायरचं पेटंट घेतलं होतं; त्यामुळे डनलॉपचं पेटंट पुढे रद्द झालं.) तो टायर रिमला चिकटवलेला असे. १८८९ मध्ये पंक्चर झालेली अशी एक सायकल फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्यात आली. दुरुस्तीला काही तास आणि वाळायला अख्खी रात्र लागली. सकाळी एदुआर मिशेलिन तीवर बसून निघाले, तर थोड्याच वेळात टायर पुन्हा बसला. त्या मनस्तापातून १८९१ मध्ये त्यांचा काढता-घालता येणारा टायर आला. त्याच वर्षी शार्ल तेराँने तो वापरून पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकली. तिकडे ब्रिटनमध्ये चार्ल्स वेल्चने १८९० मध्ये कडेत तार असलेल्या टायरचं पेटंट घेतलं. आपल्या घरच्या काळ्या सायकलीचा टायर त्याच घराण्यातला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला मॉड्युलर म्हणतो, ते हेच: बिघडलेला भाग तेवढाच काढा, बाकीच्याला हात लावू नका. कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं पोट या एका निर्णयावर चालत आलं आहे.

मग शिवलेला टायर टिकला का? वजनामुळे. रिमला कडा नकोत, टायरला तार नको, म्हणून चाक हलकं. हवा गेली तरी टायर रिमवर राहतो, थोडं अंतर रेटता येतं. शर्यतीत एवढं पुरतं. जुन्या टूर द फ्रान्सच्या फोटोंत स्वारांच्या खांद्यांवर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळलेले टायर दिसतात ते हेच. पंक्चर झालं की जुना सोलायचा, खांद्यावरचा चढवायचा.

आपल्याकडे १९४५ साली दोन गोष्टी सुरू झाल्या. अमळनेरात वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, ती पुढे विप्रो झाली. आणि मुंबई–पुणे सायकल शर्यत सुरू झाली. बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. अशा चढावर चाकातले शंभर ग्रॅमही पायांना कळतात.

पण चढ संपला की उतार येतो, आणि तिथे सिमेंटची परीक्षा असते. १४ जुलै २००३ रोजी टूर द फ्रान्समध्ये गाप गावाकडच्या उतारावर, उन्हाने डांबर पाघळलेलं असताना, योसेबा बेलोकीचं मागचं चाक अडकलं आणि टायर रिमवरून निसटला. स्पेनचा हा स्वार तेव्हा एकूण क्रमवारीत दुसरा होता. मांडी, कोपर आणि मनगट मोडलं. तो परतला, पण पूर्वीचा बेलोकी परत आला नाही. रिमवर घासणारे ब्रेक उतारावर सतत दाबले की रिम तापते आणि सिमेंट मऊ पडतं. मे महिन्यात चाळीसगावचा कन्नड घाट उतरताना काय होईल, याचा अंदाज खानदेशच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून टायर बसवण्याचं काम सावकाश चालतं. नवा टायर आधी सिमेंटशिवाय रिमवर चढवून, हवा भरून एक-दोन दिवस ताणू द्यायचा. रिम स्वच्छ पुसून सिमेंटचा पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. टायरच्या पट्टीलाही एक. शेवटचा थर चिकट असतानाच व्हॉल्व्ह भोकात घालून, चाक उभं धरून टायर दोन्ही हातांनी खाली ताणत न्यायचा आणि शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनी ढकलायचा. पट्टी दोन्ही बाजूंना सारखी दिसते का पाहून हवा भरायची आणि एक दिवस सायकलला हात लावायचा नाही. आत लॅटेक्सची ट्यूब असेल तर रात्रभरात हवा कमी होते. ते पंक्चर नव्हे, रोज भरावीच लागते.

गेल्या काही वर्षांत रस्त्यावरच्या मोठ्या संघांनी ट्यूबलेसची वाट धरली. ट्यूब्युलर आता मुख्यतः ट्रॅकवर दिसतो. त्यामुळे जुनी ट्यूब्युलर चाकं स्वस्तात विकायला निघतात आणि फोनवर त्यांचे फोटो फार देखणे दिसतात. घेणाऱ्याने किमतीआधी एक गोष्ट करावी: हवा सोडून टायर अंगठ्याने बाजूला ढकलून पाहावा, पूर्ण चाकभर. कुठेही कड उचलली गेली तर सिमेंट सुकलं आहे. ते खरवडून पुन्हा पहिल्या थरापासून सुरुवात करावी. आणि ते होईपर्यंत घाटाकडे जाऊ नये.