ब्रेकचे पेडल कडक होणे : कारणे, तपासणी आणि दुरुस्ती

मोटारगाडीच्या ब्रेकमधील बिघाड पायाला दोन प्रकारे जाणवतो. कधी पेडल पायाखाली खचत जाते, तर कधी ते दगडासारखे कडक होते. पहिल्या प्रकारात ब्रेकच्या द्रवात हवा शिरलेली असते किंवा गळती असते. दुसऱ्या प्रकारात मात्र बहुतेक वेळा ब्रेक शाबूत असतात. चालकाच्या पायाला मिळणारे साहाय्य तेवढे बंद पडलेले असते.

हा भेद जिवाशी संबंधित आहे. खचणारे पेडल वारंवार दाबल्यास काही अंशी पकड परत मिळू शकते. कडक पेडलच्या बाबतीत तसे केल्यास उरलेसुरले साहाय्यही संपते. अशा वेळी पेडल एकदाच पूर्ण शक्तीने, गरज पडल्यास दोन्ही पायांनी, दाबून धरावे, क्रमाक्रमाने खालचे गिअर टाकावेत आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन बंद करू नये.

हे साहाय्य देणारा भाग म्हणजे ब्रेक बूस्टर. बॉनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूस, मास्टर सिलिंडरच्या मागे दिसणारा काळा गोल डबा तो हाच. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. इंजिन या डब्यातील हवा ओढून घेते. पेडल दाबताच पडद्याच्या मागील बाजूस बाहेरची हवा शिरते आणि दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक पडद्याला पुढे ढकलतो. पडद्याचा व्यास ९ इंच आणि दाबातील फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो धरला, तर हा जोर सुमारे २९० किलो भरतो. तो नाहीसा झाल्यावर पेडल का हलत नाही, हे यावरून लक्षात यावे.

पेट्रोल गाडीत ही निर्वात स्थिती इंजिनाच्या हवा ओढण्यातून मिळते. डिझेल गाडीत त्यासाठी स्वतंत्र पंप असतो. काही गाड्यांत तो अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. विजेवरील गाडीत विद्युत पंप किंवा विद्युत मोटारीवर चालणारा बूस्टर हे काम करतो.

पहिली तपासणी कोणालाही घरी करता येते. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, चाकांना अटकाव लावून उभी करावी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. ते कडक होईल. हा दोष नव्हे. आता पेडलवर पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टरला साहाय्य मिळत आहे. जागचे हलले नाही तर दोष बूस्टरमध्ये किंवा त्याच्यापर्यंत येणाऱ्या नळीत आहे. त्यानंतर इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि थोडा वेळ थांबून पेडल दाबावे. निदान पहिले दोन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच दाब कडक लागल्यास कोठेतरी हवा आत शिरत आहे. पेडल दाबून धरल्यावर फुसफुस असा आवाज सतत येत राहिला आणि इंजिन अडखळू लागले, तर पडदा फाटला असण्याचा संभव मोठा असतो.

दुरुस्तीची सुरुवात स्वस्त भागापासून करावी. नळी तडकलेली, उंदराने कुरतडलेली किंवा क्लिपजवळ सैल झालेली असू शकते. काही वेळा ती बाहेरून धड दिसते, पण आतील अस्तर सुटून मार्ग बंद झालेला असतो. नवी नळी निर्वात दाबासाठीच बनविलेली असावी. साधी पाण्याची नळी आत चेपली जाते. नळीवरील एकमार्गी झडप काढून फुंकून पाहावी. हवा बूस्टरकडून इंजिनाकडे गेली पाहिजे, उलट दिशेने नाही. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर डिझेल गाडीतील पंप तपासावा. बूस्टर बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

बूस्टर निर्दोष असूनही पेडल कडक आणि पकड कमी असेल, तर कॅलिपरमधील पिस्टन जाम होणे, ब्रेक पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होणे किंवा चाकाजवळील रबरी नळी आतून फुगणे ही कारणे शोधावीत. येथे एक प्रचलित शब्द घात करतो. ब्रेकच्या द्रवाला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हटले जाते, आणि तेल ते तेल या समजुतीने कोणी त्यात इंजिन ऑइल ओततो. त्याने रबरी सील फुगतात आणि पुढे सर्व सील, नळ्या बदलण्याचा खर्च येतो.

घाटाच्या उतारावर इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद करण्याची सवय हेही कडक पेडलचे एक कारण आहे. साठलेले साहाय्य दोन-तीन दाबांत संपते आणि पुढचे वळण समोर असते. शिवाय बचतही होत नाही. आधुनिक इंजेक्शन इंजिनात गिअरमध्ये उतार उतरताना इंधनपुरवठा आपोआप बंद होतो.

उंचीचाही परिणाम होतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाइतकाच असल्याने बूस्टरचा जोर घटतो आणि मैदानी प्रदेशातून गेलेल्या चालकाला पेडल जड लागते. खाली उतरल्यावर ते पूर्ववत झाल्यास बूस्टर बदलण्याची गरज नसते.