गुण आला, पण कोणत्या वाटेनें?

औषधानें गुण आला एवढें कळलें म्हणजे रोग्याचें समाधान होतें. शास्त्राचें तेवढ्यानें होऊं नये. गुण कोणत्या वाटेनें आला हा प्रश्न मागें उरतोच, आणि त्याचें उत्तर चुकलें तर हातीं आलेलें औषधही निसटून जातें. कारण आणि कार्य यांच्या मध्यें जो दुवा असतो त्याला संख्याशास्त्रज्ञ ‘मध्यस्थ’ म्हणतात. कारण जेव्हां मोजमापाच्या रूपानें न येतां निरनिराळ्या गटांच्या रूपानें पुढें येतें, तेव्हां या मध्यस्थाची परीक्षा कशी करावी, याची चर्चा गेल्या कांहीं वर्षांत बरीच झाली आहे. ती वाचतांना मला मात्र नेहमीं एका जुन्या इंग्रजी लढाऊ जहाजाची आठवण होते.

‘सॉल्सबरी’ हें तें जहाज. त्यावरील शस्त्रवैद्य जेम्स लिंड यानें २० मे १७४७ रोजीं स्कर्व्हीनें पछाडलेले बारा खलाशी निवडले. हिरड्या कुजलेल्या, अंगावर डाग, गुडघ्यांत बळ नाहीं, अशी बहुतेक सारखीच अवस्था. सर्वांना एकाच जागीं ठेवून एकच अन्न दिलें, आणि दोघादोघांचे सहा गट केले. एका गटास सफरचंदाचें आंबवलेलें पेय, दुसऱ्यास गंधकाम्लाचे थेंब, तिसऱ्यास शिरका, चौथ्यास समुद्राचें पाणी, पांचव्यास रोज दोन संत्रीं व एक लिंबूं, आणि सहाव्यास लसूण, मोहरी इत्यादींचें चाटण. फळांचा सांठा सहा दिवसांतच संपला. पण तेवढ्यांत त्या दोघांपैकीं एक कामावर जाण्याजोगा झाला, व दुसऱ्याला बाकीच्यांच्या शुश्रूषेवर नेमण्यांत आलें. सफरचंदाच्या पेयानें थोडा उतार पडला. इतरांना म्हणण्यासारखा गुण आला नाहीं.

ही कथा पुष्कळांना ठाऊक असते, आणि पुष्कळांची कथा येथेंच संपते. माझा प्रश्न येथून सुरू होतो. आंबट पदार्थ या रोगावर चालतात अशी त्या काळच्या वैद्यांत रूढ समजूत होती. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर आंबटपणा हा मध्यस्थ ठरून गेला होता. लिंडचे सहा गट या समजुतीबद्दल काय साक्ष देतात?

गटांना १ ते ६ असे क्रमांक दिले तरी तीं मापें नव्हेत. हजेरीपटावरील क्रमांकांसारखीं तीं नुसतीं नांवें. (एका विद्यार्थ्यानें तीन गांवांना १, २, ३ असे क्रमांक देऊन त्यांची सरासरी काढली होती, आणि मीं ती घाईंत ‘बरोबर’ म्हणून परतही केली होती!) म्हणून एक गट तुलनेचा पाया धरावा. समुद्राच्या पाण्याचा गट धरूं. उरलेल्या पांचांसाठीं पांच स्तंभ करावे. रोगी त्या गटांतला असेल तर १, नसेल तर ०. मग दोन प्रश्न विचारावे. पायाच्या गटापेक्षां अमक्या गटानें मध्यस्थ किती वाढविला? याचीं उत्तरें पांच. गट तोच ठेवून मध्यस्थ वाढला तर रोग किती हटतो? याचें उत्तर एक. पहिल्या प्रत्येक उत्तरास दुसऱ्यानें गुणलें म्हणजे मध्यस्थाच्या वाटेनें आलेला परिणाम मिळतो, आणि तो गटागणिक वेगळा असतो. पाया बदलला कीं हीं पांच उत्तरेंही बदलतात. तेव्हां पाया कोणता धरला हें सांगितल्यावांचून त्यांना अर्थ नाहीं. एकच आंकडा हवा असणारांची येथें निराशा होते.

आतां समजा, लिंडनें फळें आणि समुद्राचें पाणी एवढे दोनच गट केले असते. फळें आंबट, आणि फळांनीं गुण आला. आंबटपणा हा उत्तम मध्यस्थ शोभला असता! त्याचें सोंग उघडें पडतें तें शिरका व गंधकाम्ल यांच्या गटांमुळें. तेथें आम्ल पोटांत गेलें, पण रोग हटला नाहीं. गुणाकाराचा पहिला अवयव भक्कम, दुसरा शून्यवत्. आम्लाचा हिशेब वजा केल्यावरही फळांच्या गटाचें वैशिष्ट्य शिल्लक राहतें, म्हणजे खरा मध्यस्थ दुसराच कोणी. दोन दोन रोग्यांच्या गटांवर कोणी गणित मांडणार नाहीं हें खरें. तथापि विचार करण्यापुरतें साहित्य त्या सहा जोड्यांत होतें.

तो विचार झाला नाहीं. लिंडनें स्वतः फळांचा रस आटवून टिकाऊ पाक करण्याची कृति सांगितली. त्या आंचेनें रसांतलें खरें द्रव्य बव्हंशीं नष्ट होई. लिंड १७९४ सालीं वारला, व पुढल्याच वर्षीं आरमारांत लिंबाचा रस देण्याचें ठरलें. स्कर्व्ही जवळजवळ हटली. परंतु १८६० नंतर भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबाच्या जागीं वेस्ट इंडीजमधील लहान हिरवें लिंबूं आलें, जें आपल्याकडील कागदी लिंबाच्याच जातीचें. इंग्रज खलाशांच्या बोलण्यांत या दोन फळांच्या नांवांची सरमिसळ होतीच. नवें लिंबूं आंबटपणांत कमी नव्हतें. मग हरकत कसली? वाफेच्या जहाजांनीं प्रवास आंखूड झाल्यामुळें कांहीं वर्षें चूक झांकली गेली. १८७५-७६ च्या नेअर्स यांच्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेंत ती उघड झाली. लिंबाचा रस बरोबर असूनही स्कर्व्ही उसळली. तेव्हां पुष्कळ डॉक्टरांनीं रसावरचाच विश्वास सोडला, आणि रोग नासक्या मांसाच्या विषानें होतो असें मानूं लागले. चुकीच्या मध्यस्थानें खरें औषधच बदनाम केलें.

१९०७ मध्यें नॉर्वेच्या होल्स्ट व फ्रलिक यांना गिनीपिगांत हा रोग उत्पन्न करतां आला. त्यांच्या आधारें १९१८ सालीं लंडनच्या लिस्टर संस्थेंत हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन्ही रसांची तुलना केली. हिरव्या लिंबाच्या रसाचा गुण पिवळ्याच्या सुमारें एकचतुर्थांशच भरला. योगायोग असा कीं, त्याच सुमारास अमेरिकेंत स्यूअल राइट हे गिनीपिगांच्याच अंगावरील रंगांचा अभ्यास करीत होते. त्यांतून १९२०-२१ मध्यें ‘वाटांचें गणित’ निघालें, आणि आडवाटेनें येणारा परिणाम म्हणजे वाटेवरील गुणकांचा गुणाकार, हा नियम हातीं आला. मानसशास्त्रांत ही रीत बॅरन व केनी यांच्या १९८६ च्या लेखानें घरोघर पोंचली. पण अनेक गटांचें काय करावें याचें व्यवस्थित विवेचन हेझ व प्रीचर यांच्या २०१४ च्या लेखापर्यंत सामान्य संशोधकाला सहज मिळत नव्हतें. बरेच जण तोंपर्यंत गट दोन दोन करून तोडीत, किंवा निरनिराळे गट एकांत कोंबीत.

या गणितालाही मर्यादा आहे. गट लिंडनें वांटले. मध्यस्थ कोणी वांटला नव्हता. फळांत आम्ल व जीवनसत्त्व एकत्रच नांदतात, तेव्हां मध्यस्थ आणि परिणाम यांचा मेळ दुसऱ्याच कशामुळें दिसत असेल ही शंका कोणताही गुणाकार फेडूं शकत नाहीं. ती फेडावयाची तर मध्यस्थालाच कारणाच्या जागीं बसवून पाहावें लागतें. १९३२ सालीं झेंट-ड्यॉर्डी व स्वर्बेली यांनीं तेंच केलें. स्कर्व्ही होईल असाच आहार दोन्ही गटांच्या गिनीपिगांना दिला, व एका गटाला त्यावर रोज त्या शुद्ध द्रव्याची चिमूटभराहूनही कमी मात्रा. ज्यांना ती मिळाली नाहीं ते स्कर्व्हीनें मेले. ज्यांना मिळाली ते निरोगी राहिले.