विरारचा छोकरा आणि यादीवरची काट

मित्रांनो, आणि ज्यांना पाहून आजही पाठ आपोआप ताठ होते असे आमचे सर्व सर आणि बाई,

स्मरणिकेसाठी विरारच्या इतिहासावर लिही, असा आदेश झाला. जीवदानीचा डोंगर, रेल्वे, पाण्याची टंचाई यांवर जाणकार लिहितीलच. मी गोविंदाच्या गाण्यांवर लिहितो. त्यातही इतिहास आहे आणि थोडा माझा कबुलीजबाबही.

डिसेंबर 1994 चं गॅदरिंग आठवा. आपण दहावीत होतो. ‘राजाबाबू’ येऊन वर्ष होत आलं होतं आणि आपल्यातल्या एकाने त्यातल्या गाण्यावर नाच बसवला होता. पिवळी पँटही शिवून आणली होती. तालीम पाहून एक सर म्हणाले, ‘हे शाळेत चालणार नाही.’ त्यांचंही खोटं नव्हतं. त्या वर्षी अशा गाण्यांवरून देशभर आरडाओरडा चालला होता, ‘खुद्दार’मधल्या एका गाण्यातला शब्द तर बदलावा लागला होता. पण यादीवर काट मारली ती मी. सांस्कृतिक समितीचा सेक्रेटरी होतो ना!

पुढे कॉलेजला चर्चगेटला जाऊ लागलो. कुठून येतोस, या प्रश्नावर मी ‘वसईच्या पुढून’ असं सांगायचो. ‘विरार’ म्हटलं की कुणीतरी गोविंदाची कंबर हलवून दाखवायचं, आणि त्या हसण्यात मीही सामील व्हायचो. त्या वेळी ‘चीप’ हा शब्द त्याच्या गाण्यांनाही लागायचा आणि आपल्या गावालाही. तो मात्र मुलाखतींत स्वतःला अभिमानाने ‘विरार का छोकरा’ म्हणायचा.

त्याच्या घरातला सूर कोणता होता, हे मला फार उशिरा कळलं. वडील अरुण आहुजा हे मेहबूब खान यांच्या ‘औरत’ (1940) मधले नट. चित्रपटनिर्मितीत नुकसान झालं आणि कुटुंब कार्टर रोडचा बंगला सोडून विरारला आलं. आई निर्मला देवी बनारसच्या, पतियाळा घराण्याच्या नामवंत ठुमरीगायिका. लक्ष्मी शंकर यांच्याबरोबर गायलेल्या त्यांच्या ठुमऱ्यांची रेकॉर्ड जाणकार आजही जपून ठेवतात. ‘बावर्ची’ (1972) मध्ये मन्ना डे, किशोरकुमार यांच्यासोबत त्यांचाही आवाज आहे.

आता ठुमरी म्हटलं की आपण आदराने मान डोलावतो. पण हीच ठुमरी एके काळी कोठ्यावरची म्हणून बदनाम होती. 1946 च्या सुमारास आकाशवाणीने ‘चारित्र्या’च्या कारणावरून कित्येक गायिकांना दारं बंद केली. पुढे बा. वि. केसकर मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीतच हटलं. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला, आणि अखेर 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे आई जे गात होती ते आधीच्या पिढीला ओशाळवाणं, आणि मुलगा ज्यावर नाचला ते आमच्या पिढीला!

गंमत अशी की ही ‘गोविंदाची गाणी’ बहुतेक त्याने गायलेलीच नाहीत. ‘इल्जाम’ (1986) मधल्या त्याच्या स्ट्रीट डान्सरला आवाज अमितकुमारचा आणि संगीत बप्पी लाहिरींचं. नंतर कुमार सानू, अभिजीत, सोनू निगम असे कितीतरी आवाज आले. तरी गाणं त्याचंच. का, ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. तो नाचताना मेहनत दिसतच नाही. गल्लीतल्या गणपतीपुढे नाचणारा पोरगा जसा नाचतो तसा तो नाचतो, फक्त तालात एक मात्राही न चुकवता. नक्कल आपण सगळ्यांनी केली. जमली कुणालाच नाही.

मग वारा फिरला. 2004 मध्ये तो खासदार झाला (तो विषय इथे नको, मेळाव्यात भांडणं होतील). 2018 मध्ये विदिशाच्या एका प्राध्यापकांनी लग्नात ‘खुदगर्ज’ (1987) मधल्या गोविंदाच्या गाण्यावर ठेका धरला आणि सगळा देश त्या काकांच्या प्रेमात पडला. ‘कुली नं. 1’ 2020 मध्ये पुन्हा बनला, जुनी गाणी नव्या पोशाखात घेऊन. माझ्या मुलीच्या कॉलेजात मुलं नव्वदीतली म्हणून त्याची गाणी हौसेने लावतात. बाबा विरारचे, हे ती मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगते. गाण्यातली अक्षरं तीच आहेत. काही ओळी आजही मला मुलीसमोर ऐकवत नाहीत, हेही खरं. पण 1994 मध्ये मी काट मारली ती ओळींसाठी नव्हती. लोक आपल्याला काय म्हणतील, या भीतीने मारली होती.

त्या मित्राशी मी याबद्दल गेल्या महिन्यात पहिल्यांदा बोललो. तो म्हणाला, ‘अरे, पँटचे पैसे आईने दोन महिने साठवले होते.’ एवढंच बोलला, आणि चहा मागवला.

यंदाच्या मेळाव्याच्या यादीत ‘राजाबाबू’चं गाणं पाचव्या क्रमांकावर आहे. यादी याही वेळी माझ्याच हातात आहे. त्याचा गुडघा दुखतो, म्हणून स्टेजच्या पायऱ्यांना कठडा लावून घेतला आहे. पँट शिवायला टाकली आहे. कापड मी आणलं.