रडणारं बाळ, अफूची गोळी आणि ‘जास्त पाजलं’ हा ठपका

मागच्या महिन्यात नेरूळला बहिणीकडे गेले होते. भाचा सहा आठवड्यांचा. संध्याकाळचे सात वाजले की रडणं सुरू, पाय पोटाशी, चेहरा लालबुंद. आजी म्हणाली, “वात धरलाय, बेंबीभोवती वेखंड लाव.” शेजारच्या काकूंनी निकाल दिला, “जास्त पाजतेस गं, गॅस झालाय.” बहीण काहीच बोलली नाही. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर ती डावीकडे दहा मिनिटं, उजवीकडे दहा मिनिटं असा हिशेब ठेवत होती.

माझी पीएचडी मुंबईच्या गिरण्यांमधल्या कामगार बायकांवर आहे. त्यामुळे मला लगेच आमच्या कागदपत्रांतलं एक बाळ आठवलं. ते रडत नाही. का रडत नाही, ते आज सांगते. संशोधनाच्या तयारीत असाल तर पुरावा कसा वाचायचा, हेही त्यातून दिसेल.

1922 मध्ये मुंबई सरकारसाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. तिचा वृत्तांत ‘लेबर गॅझेट’मध्ये आला. त्यातला एक आकडा पुढे सगळीकडे फिरला: कामगार बायकांच्या सुमारे 98 टक्के बाळांना अफू दिली जाते. अफूची ही गोळी ‘बाळगोळी’ म्हणून ओळखली जायची.

हा आकडा वाचून पहिल्यांदा मनात काय येतं? ‘अडाणी आया.’ तेव्हाच्या बऱ्याच लिखाणाचा सूरही तोच आहे. पण जरा थांबा. 1922 च्या कायद्यातही कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा 11 तासांची होती. भोंगा वाजला की आई खात्यात आणि बाळ चाळीतल्या एका खोलीत, कुणा म्हातारीच्या किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर. भूक लागली तरी पाजायला आई नाही. गोळीने बाळ झोपायचं. अफू आतड्यांची हालचाल मंद करते, श्वासही मंद करते. म्हणजे पोट फुगतं, शी होत नाही, पण बाळ गप्प राहतं. औषध दुखण्यावर नव्हतं, रडण्यावर होतं.

दुसरा आकडा बघा. 1921 मध्ये मुंबईतला बालमृत्युदर दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सुमारे 666 होता. भयंकर आहे ना? पण छेद तपासा. ‘नोंदलेले जन्म’. कितीतरी बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर गावी जायच्या आणि तान्हं घेऊन परत यायच्या. जन्माची नोंद गावाला (झालीच तर), मृत्यूची मुंबईत. त्यामुळे दर फुगलेला आहे. म्हणून ती मुलं मेलीच नाहीत असं नाही. मुलं मरतच होती, फक्त हा आकडा जसाच्या तसा उचलायचा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवता आल्या पाहिजेत.

आता ‘गॅस’ या शब्दाकडे येऊ. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात न बोलणाऱ्या बाळाचं दुखणं ओळखायच्या खुणा दिल्या आहेत. पोटशूळ असेल तर बाळ स्तन सोडतं, रडतं, पोट ताठ होतं, तोंडाला घाम येतो. आपल्या बाळगुटीत मुरडशेंग असते ती मुरड्यासाठी. इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्डने 1851 मध्ये नॉटिंगहॅमला ग्राइप वॉटर काढलं. बाळंतशेपेचं तेल, सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल. तेही पुढे आपल्या घराघरांत आलं. वात, मुरडा, ग्राइप, गॅस. रडणं तेच, पण नाव बदललं की उपाय बदलतो आणि दोषीही बदलतो.

‘जास्त पाजलं’ हा आरोपही ऐतिहासिक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग यांच्यासारख्या डॉक्टरांनी घड्याळ लावून, चार-चार तासांनी पाजण्याचा आग्रह धरला. अतिपाजणं हा त्यांना मोठा धोका वाटे. मग 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वूलरिज आणि फिशर यांचा लेख आला आणि प्रश्नच उलटला. घड्याळ बघून बाळाला एका बाजूवरून लवकर काढलं, तर शेवटचं स्निग्ध दूध त्याला मिळत नाही. पोट भरायला ते कमी स्निग्धतेचं दूध जास्त पितं. एकदम आलेली दुधातली साखर पूर्ण पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते आणि गॅस होतो. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती साधी: एक बाजू बाळाला आपणहून सोडू द्या. म्हणजे निदान काही बाळांत ‘अतिपाजणं’ हे आईच्या हावरेपणातून नाही, घड्याळातून आलेलं होतं.

आणि काही वेळा दोष कुणाचाच नसतो. ब्रेझल्टन यांनी 1962 मध्ये 80 बाळांच्या रडण्याच्या नोंदी छापल्या. सहाव्या आठवड्याला रडणं सर्वांत जास्त, दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास, आणि तेही मुख्यतः संध्याकाळी. पुढे ते आपोआप कमी होत गेलं.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला झोप हवी होती, व्याख्यान नको होतं. डॉक्टरांनी वजन बघितलं, वाढ छान आहे म्हणाल्या. मी फक्त ब्रेझल्टनचं सांगितलं आणि अ‍ॅपमधलं टायमर बंद केलं. ती थोडी रडली, मग हसली.

तुमच्यासाठी गृहपाठ. 1929 मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभ कायदा झाला. म्हणजे राज्यकर्त्यांनी काही अंशी मान्य केलं की प्रश्न आईच्या अकलेचा नाही, तिच्या वेळेचा आणि मजुरीचा आहे. तुमच्या विषयातला असा एखादा गाजलेला आकडा घ्या आणि तीन प्रश्न विचारा: हा कुणी मोजला? छेदात कोण सुटलं? आणि वाचल्यावर बोट कुणाकडे वळतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी ‘आई’ असंच येत असेल, तर कागद पुन्हा पहिल्यापासून वाचा.