अनुकृती आणि निसर्ग : कॉन्स्टेबलच्या ग्रामदृश्यांची जडणघडण

इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याने २९ मे १८०२ रोजी लिहिलेल्या एका पत्राला त्याच्या चरित्रात फार महत्त्व दिले जाते. ईस्ट बर्गहोल्ट या जन्मगावातील मित्र जॉन डन्थॉर्न याला त्याने त्यात कळविले की, आपली दोन वर्षे इतरांची चित्रे धुंडाळण्यात गेली. आता गावी परतून प्रत्यक्ष निसर्गाचा अभ्यास करावयाचा. या पत्रावरून, कॉन्स्टेबलने त्या वर्षी जुन्या आचार्यांचा निरोप घेतला आणि अनुकृती टाकून तो निसर्गाकडे वळला, असा निष्कर्ष सहज निघतो. तथापि चित्रांची साक्ष निराळी आहे.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याने 'डेडहॅम व्हेल' हे लहानसे चित्र रंगविले. त्यातील स्टौर नदीचे खोरे आणि डेडहॅमच्या चर्चचा मनोरा ही त्याच्या बालपणापासूनच्या परिचयाची स्थळे होत. चित्राची मांडणी मात्र सतराव्या शतकातील क्लोद लॉरँ याच्या 'हागार आणि देवदूत' (१६४६) या चित्रावरून घेतलेली आहे. उभा चित्रफलक, एका बाजूस उंच वृक्षांची चौकट, मध्यभागी दृष्टीला दूर नेणारी नदी आणि क्षितिजाजवळ विरळ होत जाणारा प्रकाश ही योजना दोहोंत समान आहे. क्लोदचे हे चित्र सर जॉर्ज बोमाँट या रसिक संग्राहकाच्या मालकीचे होते. बोमाँटची आई डेडहॅम येथे राहत असे; त्यामुळे १७९५ च्या सुमारास या तरुणाचा बोमाँटशी परिचय झाला व ते चित्र त्याला पाहावयास मिळाले. पुढे लंडनमध्ये शिकत असताना त्याने रॉइसडालप्रभृती चित्रकारांच्या कृतींच्या नकला केल्या.

या अभ्यासाने काय दिले, हा खरा प्रश्न आहे. खेड्यात राहणाऱ्यास झाड, बांध, पाणी हे सर्व ठाऊक असते. परंतु मैलोगणती पसरलेला प्रदेश वीतभर फलकावर कसा बसवावा, हे त्या परिचयातून कळत नाही. पुढचे, मधले व दूरचे क्षेत्र यांचा परस्परसंबंध, गडद भागाने उजेडास दिलेला उठाव, नजरेने कोठे थांबावे व कोठून पुढे जावे याचे नियमन, ही विद्या आचार्याच्या चित्राची रेघ न् रेघ गिरविताना हाताला कळते.

रंगाच्या बाबतीत मात्र अनुकृती फसवी ठरू शकते, कारण जुन्या चित्रांवरील वार्निश काळाने तपकिरी होते. कॉन्स्टेबलचा चरित्रकार लेस्ली याने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक प्रसंग नमूद केला आहे. चित्रात जुन्या व्हायोलिनचा रंग सर्वत्र असावा, असे बोमाँटने सुचविले. तेव्हा कॉन्स्टेबलने एक व्हायोलिन घरासमोरच्या हिरवळीवर नेऊन ठेवले. मांडणी गुरूकडून घ्यावी, पण गवताचा रंग गवतालाच विचारावा, हा विवेक त्या कृतीत स्पष्ट दिसतो.

'द हे वेन' (१८२१) सारखे प्रौढ चित्र पूर्ण झाल्यावरही त्याने नकला करणे सोडले नाही. १८२३ च्या शरद ऋतूत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, बोमाँटच्या कोलॉर्टन येथील घरी राहून त्याने क्लोदच्या चित्राची काळजीपूर्वक प्रतिकृती केली. म्हणजे अनुकृती ही त्याच्या दृष्टीने केवळ नवशिक्याची पायरी नव्हती. बोमाँट १८२७ मध्ये निवर्तला. १८२८ मध्ये कॉन्स्टेबलने 'डेडहॅम व्हेल' हाच विषय मोठ्या फलकावर पुन्हा हाती घेतला. याही वेळी क्लोदची योजना कायम आहे. मात्र पुराणकथेतील हागारऐवजी अग्रभागी मूल घेऊन बसलेली एक भटकी स्त्री आहे, आणि वृक्षांवर सफोकचे ओले, अस्थिर हवामान आहे.

यावरून १८०२ च्या पत्राचा अर्थ मर्यादित करावा लागतो. त्यात कॉन्स्टेबलने आचार्यांचा त्याग केलेला नाही. आचार्यांच्या चित्रांना निसर्गाच्या जागी बसविण्याचे नाकारले आहे. कलावंताच्या उद्गारांवरून त्याच्या कलेचा इतिहास लिहिताना ते उद्गार चित्रांशी ताडून पाहणे का अगत्याचे असते, हेही या उदाहरणाने स्पष्ट होते.