पालखी, पायरी आणि चाकांची खुर्ची

साताऱ्याकडे दिवाळी जवळ आली, की मुलांचे हात मातीने भरतात. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो न संपतो, तोच अंगणाच्या कोपऱ्यात दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा ढीग पडतो आणि त्यातून किल्ला उभा राहतो. त्यावर अळीव पेरायचे, बुरुजावर मावळे ठेवायचे आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज बसवायचे. आमच्या घरी हा किल्ला माझी ताई करीत असे. दोन वर्षांची असताना पोलिओने तिचे दोन्ही पाय नेले. ती जमिनीवर बसून काम करी आणि मी तिला माती, पाणी आणून देई. आळीतल्या साऱ्या किल्ल्यांत तिचा किल्ला उजवा ठरे. गंमत अशी, की तोवर तिने एकही किल्ला पाहिला नव्हता.

मी इतिहाससंशोधक नव्हे. शाळेत इतिहास शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा एक मॅट्रिक झालेला मास्तर आहे. पण एक प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळत आला आहे. ज्यांना चालता येत नव्हते, ती माणसे आमच्या या मुलखात कशी फिरली असतील? बखरी आणि चरित्रे मी वाचली ती बरीचशी या प्रश्नाच्या पाठीमागे लागून.

या प्रश्नाचा जन्म सज्जनगडाच्या पायथ्याशी झाला. मी आठ वर्षांचा होतो, ताई बारांची. दासनवमीच्या उत्सवाला आम्ही सारे गडावर निघालो होतो. तोवर आप्पा तिला पाठुंगळी घेऊन सगळीकडे नेत. पण त्या वर्षी पायऱ्यांपाशी येऊन ते थांबले. पोर मोठी झाली होती. आप्पांची कंबरही धरली होती. ते काही बोलायच्या आतच ताई म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी आजीजवळ बसते. पिशव्या ठेवा इथं, मी बघते."

आम्ही वर गेलो. समर्थांच्या समाधीचे दर्शन घेतले, प्रसाद घेतला आणि दोन-अडीच तासांनी खाली उतरलो. ताई झाडाखाली बसली होती. तिच्या मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या आणि भोवती आमच्या चपला. मी तिला गडावरचे सगळे सांगू लागलो. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "वरनं अजिंक्यतारा कसा दिसतो रे?" मी तिकडे पाहिलेच नव्हते!

वाचकहो, ज्या साताऱ्याच्या वाटेने आम्ही त्या दिवशी घरी परतलो, त्याच मुलखात एका पायाने अधू झालेल्या माणसाची स्वारी तीनशे वर्षांपूर्वी फिरत होती. तो माणूस म्हणजे दिल्लीचा बादशहा औरंगजेब.

१६९९ च्या अखेरीस बादशहाने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा दिला. किल्लेदार प्रयागजी प्रभू याने तो साडेचार महिने लढवला. १७०० च्या एप्रिलात मोगलांनी सुरुंग उडवले. एका स्फोटात तट कोसळून प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडला गेला, पण जिवंत निघाला. दुसरा सुरुंग मोगलांच्याच अंगावर उलटला आणि त्यांची शेकडो माणसे दगडाखाली चिरडली. त्याआधी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले होते. अखेर किल्ला बादशहाच्या हाती पडला आणि त्याचे नाव आझमतारा ठेवले गेले. पाठोपाठ परळीचा किल्ला, म्हणजे आपला सज्जनगड, पडला.

पावसाळ्यात छावणी हलली आणि माण नदीच्या काठी खवासपूर येथे जाऊन थांबली. माण ही आमच्याच जिल्ह्यात उगम पावणारी, एरवी कोरडी ठणठणीत असणारी नदी. पण १७०० च्या ऑक्टोबरच्या आरंभी एका रात्री तिला पूर आला. पाणी छावणीत शिरले आणि एकच आरडाओरडा झाला. बादशहाला वाटले, मराठे आले! तो घाईने उठला, ठेच लागून पडला आणि त्याच्या उजव्या गुडघ्याचा सांधा निखळला. हकिमांनी इलाज केले, पण सांधा नीट बसला नाही. एक्याऐंशी वर्षांचा आलमगीर जन्माचा लंगडा झाला. दरबारी मंडळींनी मात्र यातूनही स्तुतीची वाट काढली. मूळपुरुष तैमूर लंगडा होता, तेव्हा हा तर वंशपरंपरेने आलेला वारसाच, असे ते म्हणू लागले!

पुढे काय झाले, ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. बादशहा थांबला नाही. १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, पुढे सिंहगड, तोरणा, अशी त्याची स्वारी सह्याद्रीत फिरतच राहिली. तो पालखीतून जाई, नाही तर तख्त-ए-रवाँतून, म्हणजे माणसांच्या खांद्यांवरून चालणाऱ्या सिंहासनातून. विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परतताना पावसाने फौजेची दैना उडाली. थोडेसेच अंतर तोडायला महिन्याहून अधिक काळ लागला. जनावरे चिखलात रुतली, ओढ्यांनी माणसे गिळली. पण बादशहाची पालखी पुढे सरकत राहिली, कारण खांदा द्यायला माणसे होती.

हे वाचले, तेव्हा मला पायथ्याशी बसलेली ताई आठवली. ज्याला आमचे गड घ्यायचे होते, त्याचा गुडघा निखळला तरी त्याला सह्याद्रीने अडवले नाही. जिला ते गड नुसते डोळ्यांनी पाहायचे होते, ती पिशव्या राखीत बसली. मोडलेला पाय माणसाला थांबवीत नाही. खांद्यांची वाण त्याला थांबवते.

आपल्याकडे पालखी ही सोय नव्हती, तो मान होता. राजाने कुणाला पालखी बहाल केली, म्हणजे त्याच्या खर्चाची तजवीजही करून दिली जाई. जो धडधाकट सरदार घोड्यावर मांड टाकू शके, तोही मानासाठी पालखीत बसे. आणि ज्याला खरोखर चालता येत नसे, त्या गरिबाच्या नशिबी बाज नाही तर घोंगड्याची झोळी. जावळी-पाटणच्या डोंगरांतल्या वाड्यावस्त्यांवरून आजारी माणसे अशीच खाली आणली जात. झोळीत माणूस जाई तो वैद्याकडे, नाही तर माहेरी मरायला. यात्रेला म्हणून, हौसेला म्हणून, कुणी झोळीतून गेल्याचे मी कुठे वाचलेले नाही.

वारीची गोष्ट घ्या. ज्ञानोबांच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते आमच्या आरफळच्या हैबतरावबाबांनी. ही पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे जाते. पालखीत माउलींच्या पादुका असतात. देवमाणसाच्या पादुका लाखो माणसे डोक्यावर घेतात आणि त्याच रस्त्याच्या कडेला एखादा पांगळा हातांवर सरकत असतो, त्याला चार आणे टाकून पुढे जातात. मीही टाकले आहेत.

या पांगळ्यांचा मूळपुरुष म्हणजे कूर्मदास. महिपतीने भक्तिविजयात त्याची कथा सांगितली आहे. पैठणचा हा भक्त हातापायांनी थिटा. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकून तो पोटावर सरकत, लोळत निघाला. महिनोन् महिने चालला होता हा प्रवास! पंढरपूर सात कोस उरले असता लऊळ गावी त्याची शक्ती संपली आणि एकादशी तर उद्यावर आली. त्याने वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला, की मला येववत नाही, तूच ये. आणि कथा सांगते, की पांडुरंग राउळ सोडून लऊळला आला. मी लहानपणी ही गोष्ट ऐकून रडत असे. आता मास्तर झाल्यावर तिच्यात दुसरे काही दिसते. त्या एकादशीला कितीतरी दिंड्या कूर्मदासाजवळून गेल्या असतील. त्यांतल्या चौघांनी त्याला उचलला असता, तर देवाला एवढी पायपीट पडली नसती.

आपली बहुतेक पुण्यस्थळे पायऱ्यांवर आहेत. गड, मंदिर वर चढायचे. कृष्णेचा घाट खाली उतरायचा. वाईचा घाट घ्या, मेणवलीचा घ्या, औंधची यमाई घ्या, सांगलीकडे औदुंबर घ्या. पायरी हा शब्दच आपण माणसाची लायकी सांगायला वापरतो. 'पायरी ओळखून राहा' असे बजावतो. पंढरपुरात महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर, दाराबाहेर, चोखोबांची समाधी. ते दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. दार उघडले. पण पायरी राहिलीच!

तिकडे युरोपात या पायांच्या दुःखावर एका कारागिराने तोड काढली, ती औरंगजेबाच्याच हयातीत. न्यूरेम्बर्गचा स्टेफन फार्फलर हा घड्याळजी पायांनी अधू होता. १६५५ मध्ये त्याने स्वतःसाठी तीनचाकी खुर्ची बनवली. हाताने दांडा फिरवावा आणि आपले आपण पुढे जावे. बादशहाला शेकडो भोई लागत. या घड्याळजीला कुणाचीच मिनतवारी नव्हती. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेत एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज यांनी घडीची खुर्ची काढली. त्यांतला एव्हरेस्ट हा खाणीतल्या अपघाताने अपंग झालेला. खुर्ची मोटारीत घालता यावी, एवढीच त्याची इच्छा. म्हणजे प्रवासाच्या हौसेतूनच ती जन्मली.

आणि या खुर्चीवर बसून सांगलीच्या मातीने काय केले, तेही सांगितले पाहिजे. वाळवा तालुक्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे बळ गेले. सात वर्षांनी, १९७२ मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडले. ताईच्या कपाटाच्या दारावर त्यांचे वर्तमानपत्रातले छायाचित्र चिकटवलेले आहे.

१९९५ मध्ये आणि मग २०१६ मध्ये अपंगांच्या हक्कांचे कायदे झाले. एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळाली. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. ताईसारखी पोर आता घरोघर सापडणार नाही. पण ताई आहे. आणि म्हातारपण तर सर्वांनाच यायचे आहे.

कायदा झाला तरी आमच्या घरात तो यायला उशीर लागला, हे मला कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टाने आम्ही एका मोठ्या पाळण्यांच्या बागेत गेलो होतो. फाटकावरचा मुलगा म्हणाला, "खुर्ची आत फिरेल, पण पाळण्यात नाही." आम्ही सगळे पाळण्यात बसलो. दुपारी परत येऊन पाहतो, तर ताईच्या मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि खुर्चीखाली मुलांच्या चपला! मला एकदम सज्जनगडचे झाड दिसले. तीस वर्षे मी इतिहास शिकलो आणि शिकवला. पण माझ्या बहिणीला प्रत्येक सहलीत सामान राखायला बसवणारा मीच होतो. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून मी समजत होतो, की तिची तक्रारच नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी मी तिला म्हटले, "ताई, आज किल्ल्यावर जायचं." ती म्हणाली, "उगीच खुळ्यासारखं करू नकोस." अजिंक्यताऱ्याच्या बऱ्याच उंचीपर्यंत मोटारीचा रस्ता आहे. तिथपर्यंत रिक्षाने गेलो. पुढे पायऱ्या आल्या, तिथे माझा मुलगा, त्याचे दोन मित्र आणि मी अशा चौघांनी खुर्ची उचलली. माझी कंबर आता आप्पांसारखीच कुरकुरते. पण आप्पांना तीन जोडीदार नव्हते, किंवा त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती. दरवाजातून आत जाताना ताईने हात लांब करून दगडाला लावला आणि किती तरी वेळ तो काढला नाही.

वर गेल्यावर सातारा शहर पायाखाली पसरलेले दिसले. यवतेश्वर दिसला, जरंडा दिसला. तिने खुर्ची स्वतःच्या हाताने फिरवली आणि सज्जनगडाकडे तोंड करून बसली. मी काही बोललो नाही.

"तिथनं हा असा दिसत असणार," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने मागे न बघता म्हणाली, "पिशव्या कुठं आहेत?"

"रिक्षात राहिल्यात."

"राहू देत," ती म्हणाली.

यंदा अंगणातला किल्ला माझ्या मुलाने केला आहे. पायऱ्यांऐवजी त्याने बुरुजाला वळसा घालून जाणारी उताराची वाट काढली. शाळेच्या दाराशी आम्ही उतार बांधून घेतला, तेव्हा गवंड्याला सांगितलेले प्रमाण त्याने ऐकले होते: फूटभर उंचीला बारा फूट लांबी. ताईने खुर्ची जवळ नेली, वाकून वीतभर मोजले आणि म्हणाली, "चढ जास्त झालाय रे. खुर्ची मागं घसरेल."

"आत्या, हा मातीचा किल्ला आहे!"

"म्हणून काय झालं? मोड आणि नीट कर."

आणि तो बापडा पुन्हा माती कालवायला बसला आहे.